‘नुसती’ हाउसवाइफ?

नवी ओळख झाली की बायकाबायकांत काही प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, माहेर कुठलं, मुलं किती, आणि मग, “तुम्ही काय करता?” लग्नाच्या मांडवात ऐका, आगगाडीच्या डब्यात ऐका, शाळेच्या पालकसभेत ऐका, पुष्कळ जणींचं उत्तर एकच असतं. “काही नाही हो, हाउसवाइफ आहे.” पाहा, उत्तराची सुरुवातच मुळी ‘काही नाही’नं! सकाळी नळाला पाणी येतं तेव्हापासून रात्री विरजण लावून ओटा पुसेपर्यंत जिची पाठ जमिनीला टेकलेली नसते, ती बाई म्हणते, काही नाही.

मी एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. बाकीचा वेळ, आणि तो अर्ध्याहून बराच जास्त भरतो, घर. त्यामुळे या शब्दाकडे माझं दोन्ही बाजूंनी लक्ष असतं. मागे आठवीच्या वर्गाला ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला दिली होती. वह्या तपासताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं: “माय मदर इज ओन्ली अ हाउसवाइफ.” पुढच्या आठवड्यात ‘माझे वडील’ झाले. कुणाचे वडील कारकून, कुणाचे एस.टी.त कंडक्टर, कुणाचं किराणा दुकान. पण ‘ओन्ली कंडक्टर’ असं एकीनंही लिहिलं नव्हतं. व्याकरणाच्या दृष्टीनं आईचं वाक्य अगदी बरोबर होतं. लाल शाई चालवायची तरी कुठं?

तेव्हापासून वाटत होतं की हा शब्द आला कुठून, मूळचा कसा होता आणि त्याला हे ‘नुसती’ कधी चिकटलं, ते एकदा नीट पाहावं. पाहिलं, तर गंमतही वाटली आणि थोडा रागही आला.

शब्दाचं माहेर

‘हाउसवाइफ’ हा शब्द इंग्रजीत तेराव्या शतकापासून आहे. तेव्हा तो ‘हुसविफ’च्या जवळपास उच्चारला जाई. ‘हुस’ म्हणजे घर हे सरळच आहे. पण ‘विफ’ म्हणजे बायको नव्हे बरं का! जुन्या इंग्रजीत ‘विफ’चा अर्थ नुसता ‘बाई’ असा होता, मग ती लग्नाची असो वा नसो. त्याच्या खुणा अजून भाषेत शिल्लक आहेत. सुईणीला इंग्रजीत ‘मिडवाइफ’ म्हणतात. तिथं ‘मिड’ म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई ती मिडवाइफ. मासे विकणारी ती ‘फिशवाइफ’. ती काही माशाची बायको नसते! इतकंच काय, ‘वुमन’ हा शब्दसुद्धा ‘विफमन’ या जुन्या शब्दापासून आलेला आहे.

तेव्हा हाउसवाइफ म्हणजे घराशी लग्न लागलेली बायको नव्हे, तर घर चालवणारी बाई. घराचा कारभार जिच्या हातात, ती. शब्द मानाचा होता.

आणि घर चालवणं म्हणजे तेव्हा काय होतं? जर्व्हेझ मार्कम या लेखकानं १६१५ मध्ये ‘द इंग्लिश हाउसवाइफ’ नावाचं पुस्तक लिहिलं. चांगल्या गृहिणीला काय काय यायला हवं, ते त्यात सांगितलं आहे. स्वयंपाक तर आलाच. पण त्याशिवाय दुखण्याखुपण्यावर औषधं बनवणं, अर्क काढणं, दूधदुभतं सांभाळून लोणी-चीज करणं, लोकर आणि ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचं काम, लोकर रंगवणं, बीअर गाळणं, पाव भाजणं, इतकं सगळं. म्हणजे वैद्य, गवळी, रंगारी, भटारी सगळे एकाच पदराखाली! घर हाच त्या काळी कारखाना होता, आणि हाउसवाइफ ही त्या कारखान्याची मालकीण. तिला ‘नुसती’ म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

नवऱ्याच्या शब्दातही घर आहे

आता एक गंमत सांगते. ‘हजबंड’ या शब्दातही घर लपलेलं आहे. उत्तरेकडून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या, म्हणजे नॉर्स भाषेतला हा शब्द. ‘हुस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे स्वतःच्या जमिनीवर राहणारा, वहिवाट असणारा. घरदार करून राहिलेला गृहस्थ, तो हजबंड. बायकोचा नवरा हा अर्थ त्याला नंतर आला. म्हणूनच शेतीला इंग्रजीत ‘हजबंडरी’ म्हणतात. आपल्याकडे पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी पाटीवर ‘अॅनिमल हजबंडरी’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून वर्गात मुली खुदखुदतात. पण तिथं ‘हजबंड’ म्हणजे राखणारा, जपणारा, काटकसरीनं वाढवणारा. दोन्ही शब्दांची सुरुवात अशी घरापासून झाली. टॉमस टसर या शेतकरी-लेखकानं १५७३ मध्ये चांगल्या हजबंडरीचे पाचशे मुद्दे सांगितले, तेव्हा हाउसवाइफच्या कामाचेही तितकेच मुद्दे शेजारी मांडले होते. तिकडे शेत, इकडे घर. दोन्ही बाजू बरोबरीच्या.

मग नवऱ्याचा शब्द घराबाहेर पडून मानानं राहिला आणि बायकोच्याच शब्दाचं असं का झालं?

शब्दाची उतरती कळा

‘हाउसवाइफ’चा उच्चार झिजत झिजत ‘हझिफ’, ‘हझी’ असा झाला. त्यातून ‘हसी’ हा वेगळाच शब्द फुटला. शेक्सपिअरच्या नाटकांतही हाउसवाइफ हा शब्द कुठं कुठं वाईट चालीची बाई या अर्थानं येतो. सतराव्या शतकापर्यंत तर ‘हसी’ म्हणजे उद्धट, आगाऊ, वळण नसलेली पोरगी असा अर्थ पक्का झाला. एकाच आईच्या पोटी एक सुगरण आणि एक उनाड! आपल्याकडे नाही का, भवानी ही साक्षात देवी, पण “कुठं उलथली ही भवानी?” म्हटलं की ती शिवी होते. बाळाचं नशीब लिहायला येणारी सटवाई. तिची ‘सटवी’ झाली. बायकांच्या मानाच्या शब्दांना घसरायला कुठल्याही देशात वेळ लागत नाही.

दुसऱ्या बाजूनं हाच शब्द शिवणाच्या बटव्यालाही मिळाला. सुया, दोरा, बटणं, मोजे रफू करायची लोकर असं सगळं गुंडाळून ठेवायच्या कापडी पिशवीला ‘हाउसवाइफ’ म्हणत. ब्रिटिश फौजेतल्या शिपायांच्या सामानात दोन्ही महायुद्धांत ही ‘हाउसवाइफ’ असायची. घरची बाई बरोबर नाही, तर निदान तिचं काम तरी खिशात असावं! तुटलेलं बटण रणांगणावर लावायचं म्हटलं की तिचीच आठवण.

शिरगणतीचा रकाना

पण शब्दाला खरी ओहोटी लागली ती कारखान्यांमुळे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडात गिरण्या उभ्या राहिल्या. कापड, साबण, बीअर, पाव, औषधं एकेक करून घरातून बाहेर गेलं आणि बाजारात विकत मिळू लागलं. बाहेर काम करणाऱ्याच्या हातात आठवड्याला पगार पडू लागला. घरात उरलं ते रांधणं, धुणं, पुसणं, मुलं वाढवणं, म्हाताऱ्यांचं करणं. ही कामं संपत नाहीत आणि त्यांचा पगारही येत नाही. मग हळूहळू ‘काम’ या शब्दाचा अर्थच बदलला. ज्याचे पैसे मिळतात ते काम, बाकीचं आपलं असंच.

हा बदल सरकारी कागदावर अगदी स्पष्ट दिसतो. इंग्लंडच्या १८५१ च्या शिरगणतीत लोकांचे त्यांच्या धंद्यावरून वर्ग पाडले, तेव्हा बायका, आया आणि घरच्या मालकिणी यांना आपला स्वतंत्र वर्ग होता. घर सांभाळणं हाही एक उद्योग मानला गेला होता. तीसच वर्षांनी, १८८१ च्या शिरगणतीत, या सगळ्या जणी ‘उद्योग नसलेल्या’ वर्गात जाऊन पडल्या. तीस वर्षांत काय बायकांनी चुली विझवल्या होत्या? काम तेच, फक्त रकाना बदलला. अमेरिकेत तर १८७८ मध्येच एका महिला संघटनेनं तिथल्या संसदेला पत्र लिहून तक्रार केली होती, की घर चालवणाऱ्या स्त्रियांना तुम्ही उत्पादन न करणाऱ्यांत का मोजता? तक्रार कुणी फारशी मनावर घेतली नाही.

आपल्याकडेही गोष्ट वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी आपलं मुख्य काम ‘घरकाम’ असं सांगितलं. तसं सांगणारे पुरुष होते सुमारे ५८ लाख. आणि घरकाम सांगितलं की जनगणनेच्या भाषेत तुम्ही ‘काम न करणाऱ्या’! सोळा कोटी बायका, आणि काम न करणाऱ्या.

वेळेचा हिशोब पाहिला तर हे आणखीच विचित्र वाटतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, की लोक दिवसाचे चोवीस तास घालवतात कसे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांपैकी जे अशी कामं करतात, त्यांची ९७ मिनिटं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही, त्याचा हिशोब वेगळा. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा आकडे आले २८९ आणि ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली आहेत!

एकाच स्वयंपाकाचे दोन हिशोब

आता एक साधा विचार करा. तुम्ही चार माणसांचा स्वयंपाक करता. देशाच्या उत्पन्नात त्याची दमडीचीही नोंद नाही. त्याच कणकेतून चार पोळ्या जास्त लाटून शेजारच्या खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याच्या पैशावर डबा दिलात, की तुम्ही व्यवसाय करता. हात तेच, पोळपाट तोच, गॅस तोच. फरक फक्त जेवणारा कोण याचा.

केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० च्या आपल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात ही विसंगती नेमकी पकडली होती. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: एखाद्या गृहस्थानं घर सांभाळायला पगारी बाई ठेवली आहे आणि पुढं तिच्याशीच लग्न केलं, तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं! बाई तीच, घर तेच, काम तेच. पगार तेवढा थांबला.

यात उपरोध असा, की ‘इकॉनॉमिक्स’ हा शब्दच मुळी घरातला. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घराची व्यवस्था. झेनोफन या ग्रीक लेखकानं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात याच विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात एक गृहस्थ आपल्या तरुण बायकोला घराचा कारभार कसा पाहावा हे समजावतो. म्हणजे ज्या शास्त्राचा जन्म कोठीघरात झाला, त्यानंच मोठेपणी कोठीघर हिशोबाबाहेर टाकलं.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचा गृहउद्योग उभा राहिला. त्या सात जणींना पापड लाटायला काही त्या दिवशी कुणी शिकवलं नव्हतं. उन्हाळा आला की त्या घरोघरी लाटतच होत्या. घरच्या डब्यात गेले तेव्हा ते ‘दुपारचा वेळ जात नाही म्हणून केलेले’ पापड होते, आणि दुकानात गेले तेव्हा तो उद्योग झाला.

आइसलंड नावाच्या लहानशा देशातल्या बायकांनी तर हे एका दिवसात सिद्ध करून दाखवलं. त्यांच्या भाषेत हाउसवाइफला शब्द आहे ‘हुसमोदिर’, म्हणजे घराची आई. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. ऑफिसातलं तर ठेवलंच, पण घरातलंही. चूल नाही, भांडी नाहीत, मुलं सांभाळणं नाही. वडीलमंडळींना मुलं घेऊन ऑफिसात जावं लागलं, आणि झटपट शिजतं म्हणून सॉसेज दुकानांतून संपून गेलं. पुढच्याच वर्षी तिथं स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला.

कोर्टाच्या दारात

तुम्ही म्हणाल, नोंद झाली काय नि न झाली काय, आपल्याला काय फरक पडतो? घर आपलंच, माणसं आपलीच. पैसे मोजून का कुणी मुलांना भरवतं?

नाही भरवत. पण फरक पडतो, आणि तो अगदी वाईट वेळी पडतो. अपघातात घरचं माणूस गेलं, तर मागं राहिलेल्यांना नुकसानभरपाई मिळते. ती ठरते गेलेल्या माणसाच्या उत्पन्नावरून. कमावता पुरुष असेल तर पगाराची चिठ्ठी असते. बाई गेली तर? व्यवसाय: हाउसवाइफ. उत्पन्न: निरंक. मग त्या लहान मुलांना काय द्यायचं? मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जे परिशिष्ट जोडलं, त्यात न कमावणाऱ्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरावं असं होतं. म्हणजे कारकुनाच्या बायकोची पोळी स्वस्त, साहेबाच्या बायकोची महाग!

जमशेदपूरला मार्च १९८९ मध्ये एका समारंभाच्या मंडपाला आग लागून बायका-मुलं मोठ्या संख्येनं दगावली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ च्या निकालात न्यायालयानं गृहिणीच्या कामाला किंमत आहे हे मान्य केलं आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी ती महिना ३,००० रुपये धरली. २०१० मध्ये दुसऱ्या एका अपघाताच्या खटल्यात न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवलं. घर सांभाळणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवून ‘काम न करणाऱ्या’ म्हणणं हा स्त्रियांचा अपमान आहे, अशा अर्थाची कडक टीका त्यांनी केली.

जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी दिल्लीतल्या एका जोडप्याच्या अपघाती मृत्यूच्या प्रकरणात याच विषयावर सविस्तर लिहिलं. वर दिलेले जनगणनेचे आणि २०१९ च्या वेळेच्या पाहणीचे आकडे त्या निकालपत्रातही आहेत. गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरणं ही तिच्यावर मेहेरबानी नव्हे, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, हा त्याचा गाभा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुराच्या किमान वेतनाहूनही कमी कसं धरता येईल? मद्रास उच्च न्यायालयानं तर जून २०२३ मध्ये म्हटलं, की नवरा बाहेर कमावू शकतो तो बायको घर सांभाळते म्हणून. तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे.

ज्या दोन शब्दांना आपण ‘काही नाही’ म्हणतो, त्यांच्यावर न्यायाधीश पानंच्या पानं लिहीत आहेत. मग ‘काही नाही’ कसं?

होममेकर की गृहिणी?

अलीकडे ‘होममेकर’ म्हणायची पद्धत पडली आहे. शब्द नवा नाही. अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकापासून आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, स्त्रियांविषयीचे कोणते शब्द टाळावेत याची. तिच्यातही ‘हाउसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’ वापरावा असं सुचवलं आहे. शब्द चांगला आहे. त्यात ‘बायको’ नाही, त्यामुळे विधवा, घटस्फोटिता, अविवाहित बहीण, इतकंच काय घर सांभाळणारा पुरुषही त्यात बसतो. पण ‘ओन्ली हाउसवाइफ’चं ‘ओन्ली होममेकर’ झालं, तर काय मिळवलं? नाव बदलून ‘नुसती’ तसंच राहिलं, तर डबा बदलला आणि आतला मसाला तोच, असं व्हायचं.

खरं म्हणजे आपल्या भाषेत याहून जुने आणि भारदस्त शब्द आहेत. ‘धन’ असलेला तो ‘धनी’, तसं ‘गृह’ असलेली ती ‘गृहिणी’. शब्दाचा सरळ अर्थ, जिचं घर आहे ती. घराची नव्हे, घर तिचं! ‘घरधनीण’, ‘कारभारीण’, ‘मालकीण’ हे शब्द पाहा. एकातही ती कुणाची पोशिंदा-पोसलेली नाही. प्रत्येकात सत्ता आहे. जुनी माणसं तर बायकोची ओळख “हे आमचं कुटुंब” अशी करून देत. एकटी बाई म्हणजेच सगळं कुटुंब.

आणि ‘गृहकृत्यदक्ष’ विसरून कसं चालेल? वर्षानुवर्षं वधू पाहिजेच्या जाहिरातींत हा शब्द ठळकपणे छापला गेला. सुशिक्षित, निर्व्यसनी वराला मुलगी कशी हवी, तर गृहकृत्यदक्ष. लग्नाआधी जी पात्रता होती, तिलाच लग्नानंतर ‘काही करत नाही’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

आपल्या हातातलं

शिरगणतीचे रकाने बदलणं आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, जिभेची. ‘नुसती’, ‘फक्त’, ‘काही नाही’ हे तीन शब्द या उत्तरातून काढून टाका. “मी घर सांभाळते,” एवढं पुरे. मुलांच्या शाळेच्या किंवा बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे आडवी रेघ मारू नका. स्वच्छ अक्षरात ‘गृहिणी’ लिहा. शिकवण्या, शिवण, डबे, पाळणाघर असं काही करत असाल, तर तेही लिहा आणि त्याच्या पैशांची नोंद वहीत ठेवा. वेळ आली की तोंडच्या बोलण्यापेक्षा कागद उपयोगी पडतो.

दुसरी, वहीची. आपण दुधाचा, वाण्याचा, इस्त्रीचा हिशोब ठेवतो. एक आठवडा आपल्या कामाचाही ठेवून पाहा. किती वेळ स्वयंपाक, किती वेळ मुलांचा अभ्यास, किती वेळ सासऱ्यांची पथ्यपाणी. शेजारच्या रकान्यात आपल्या गावात त्या कामाला जो दर चालतो तो लिहा. ती बेरीज घरी कुणाकडे मागायची नाही. पण जेवायला बसल्यावर एकदा सगळ्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. आमच्या ‘ह्यां’नी ती ऐकून त्या रात्री मुकाट्यानं ताटं उचलली होती.

तिसरी, नावाची. गृहिणी म्हणजे जिचं घर आहे ती, हा अर्थ व्याकरणात ठेवून चालणार नाही. घराच्या कागदावर आपलं नाव आहे का, ते विचारा. महाराष्ट्र सरकारनं १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, ती याचसाठी. बँकेत जोडखातं आहे का, त्याचं कार्ड आपल्याजवळ आहे का, तेही पाहा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी पोटगीच्या एका निकालात नवऱ्यांना हेच सुचवलं आहे. हे विचारण्यात अविश्वास नाही. कारभारणीला तिजोरी ठाऊक असावी, इतकंच.

चौथी गोष्ट मात्र घरच्या पुरुषांनी करायची आहे. चारचौघांत “आमची मिसेस काही करत नाही” असं म्हणायची पुष्कळांना सवय असते. त्यांना तेवढं इंग्रजी समजावून सांगा. ‘मिसेस’ हा ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचा संक्षेप आहे, आणि तिचा मूळ अर्थ घरची मालकीण. तेव्हा “आमची मालकीण काही करत नाही” असं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणावं. पण मग त्या रात्रीचं विरजण त्यांनीच लावावं.